फॉरमॅट करण्याआधी: छापखान्यातला जुना एक्सपी संगणक सुरू होत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी एक छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले आणि दरवर्षीचा एक दिवाळी अंक यांची जुळणी तिथे २०१० च्या सुमारास घेतलेल्या, विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या संगणकावर पेजमेकरमध्ये होते. मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरला मागच्या बाजूस पॅरलल पोर्टात (जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत) बसवलेले लॉक आहे; ते जागेवर नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. दिवाळीच्या सुटीत आठ दिवस मेन स्विच बंद होता. सुटीनंतर संगणक सुरू केला तेव्हा काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ अशी ओळ आली. एफ१ दाबल्यावर विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसले, एक निळी झलक चमकून गेली आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तेव्हापासून तेच चक्र चालू आहे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ‘विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल’ असे सांगितले आहे. तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांची कामे सुरू होणार असल्यामुळे छापखान्याचे मालक विचारतात की फॉरमॅट करून टाकावे का, आणि इतक्या वर्षांचे काम नव्या संगणकावर नेता येईल का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: फॉरमॅट करू नका. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून विंडोजला बहुधा काहीही झालेले नाही, आणि फॉरमॅट केल्यावरही हा दोष जसाच्या तसा राहण्याची शक्यता मोठी आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, पण टप्प्याटप्प्याने’ असे आहे, आणि त्याकडे मी नंतर येतो.

आपण पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवली, याबद्दल आपले मनापासून आभार मानतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ एवढ्याच शब्दांत येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. आपल्या ओळीत मात्र निम्म्याहून अधिक निदान आहे. सीमॉस ही मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट-पाटीवरची, एक छोटी स्मृती असते. तारीख, वेळ, आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे, डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, कोणते पोर्ट चालू आणि कोणते बंद ठेवायचे, अशा नोंदी तिच्यात असतात. त्या नोंदींची एक बेरीजही तिथेच लिहिलेली असते आणि संगणक सुरू होताना ती नव्याने करून ताडून पाहिली जाते. बेरीज जुळली नाही तर मदरबोर्ड साठवलेल्या नोंदी टाकून देतो आणि कारखान्यातून निघतानाच्या मूळ नोंदी भरतो. ‘डिफॉल्ट्स लोडेड’ या दोन शब्दांचा अर्थ एवढाच की हे घडून गेले आहे. संगणक जुळवताना कोणीतरी हाताने केलेली मांडणी त्या दिवशी पुसली गेली.

ती पुसली जाण्याचे कारण म्हणजे मदरबोर्डवरची नाण्याएवढी चपटी बॅटरी. तिच्यावर सीआर२०३२ असे लिहिलेले असते. २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तिचा दाब ३ व्होल्ट असतो. आता सुटीचा संबंध पाहा. संगणक बंद केला तरी मागच्या बाजूने वीज येत असेल तर एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, ५ व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डला देत राहते आणि घड्याळ व सीमॉस त्यावर चालतात, त्यामुळे बॅटरीवर भार जवळजवळ पडतच नाही. मेन स्विच बंद केला की सगळा भार बॅटरीवर येतो. चौदा-पंधरा वर्षांची बॅटरी रोज रात्रीपुरती कशीबशी तग धरते आणि सलग आठ दिवसांच्या अंधारात संपते. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुटी यांच्यानंतर माझ्याकडे अशाच तक्रारींची रांग लागते, त्यात शाळांचे संगणक सर्वांत जास्त असतात.

बॅटरी संपली म्हणून विंडोज का सुरू होऊ नये, असे आपण विचाराल. डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती त्या काळच्या मदरबोर्डांवर असत: जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. एक्सपी २००१ मध्ये बाजारात आली, तेव्हा एएचसीआय अस्तित्वात नव्हती, त्यामुळे तिच्या मूळ सीडीत त्या पद्धतीचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत विंडोजला समजावून देणारा छोटा प्रोग्रॅम, नाही. २०१० च्या सुमारास एक्सपी घालणाऱ्या माणसापुढे दोनच मार्ग होते. स्थापनेच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा, किंवा बायोसमध्ये, म्हणजे सीमॉसमधल्या नोंदी बदलण्याच्या पडद्यावर, जाऊन ‘सॅटा मोड’ हा पर्याय एएचसीआयवरून आयडीईवर आणायचा. दुसरा मार्ग सोपा असल्यामुळे बहुतेकांनी तोच धरला. आपल्याकडेही तेव्हा असेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. आता मूळ नोंदी परत आल्या, पर्याय पुन्हा एएचसीआयवर गेला, आणि एक्सपीला स्वतःचीच डिस्क वाचता येईनाशी झाली. चिन्ह दिसेपर्यंतचे काम मदरबोर्डच्या मदतीने होते, म्हणून ते दिसते. त्यानंतर विंडोज डिस्कचा ताबा स्वतःच्या ड्रायव्हरकडे घेते आणि नेमकी तिथेच कोसळते. आपण पाहिलेली निळी झलक म्हणजे तो कोसळण्याचा क्षण.

अंदाज खरा की खोटा हे त्या निळ्या पडद्यावरून ठरेल, पण तो थांबवून वाचता आला पाहिजे. संगणक सुरू करताच एफ८ वारंवार दाबत राहा. जी यादी येईल तिच्यात ‘डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टिम फेल्युअर’ असा पर्याय असेल. सर्व्हिस पॅक २ या सुधारणासंचापासून तो एक्सपीत आहे. तो निवडला की निळा पडदा जागेवर थांबतो. त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. खालच्या भागात ‘स्टॉप’ या शब्दानंतर शून्यांची रांग आणि शेवटी दोन अक्षरे असतात. ती ७बी असतील, तर ‘ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे ती हाती लागत नाही’ असा त्याचा अर्थ आहे आणि वरचे निदान जवळजवळ पक्के समजा.

मग दुरुस्ती पाऊण तासाची आहे. संगणक बंद करून वीजजोडणी काढा, पॉवरचे बटण दोन-चार सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आतल्या भागांना हात लावा. जुनी बॅटरी बाजूच्या खिट्टीतून सोडवा. मल्टिमीटर असेल तर दाब मोजा. नवी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते आणि २.७ च्या खाली गेलेली टाकण्याजोगी असते. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा. मग संगणक सुरू करून डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये जा. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, कारण चुकलात तर परत जाण्याची वाट तीच आहे. तारीख आणि वेळ नीट करा, ‘सॅटा मोड’ आयडीईवर आणा, हार्ड डिस्क सुरुवातीच्या क्रमात आधी आणा, आणि एफ१० दाबून नोंदी जपून बाहेर पडा. त्याच यादीत ‘रेड’ असा तिसरा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. या बदलामुळे डिस्कवरच्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही, म्हणून अंदाज चुकला तरी नुकसान काहीच नाही.

तारखेचे काम मागे टाकू नका, कारण त्यातून होणारा घोटाळा लगेच दिसत नाही. घड्याळ २०१० वर गेलेले असताना आपण चार पत्रिका जुळवल्या, तर त्या फाइलींवर २०१० ची तारीख पडेल, आणि पुढे कधी ‘नवीन फाइली तेवढ्या उचल’ अशा पद्धतीने प्रत काढली, तर नेमक्या त्याच मागे राहतील.

संगणक सुरू झाला तरी लॉक सापडत नाही असा संदेश येऊ शकतो, आणि त्याचे मूळही त्याच पुसल्या गेलेल्या नोंदींत असते. पॅरलल पोर्टाला एसपीपी, ईपीपी आणि ईसीपी अशा पद्धती असतात, त्यातली आधी कोणती होती ते आता कोणालाच आठवत नसणार. बायोसमध्ये पोर्ट चालू असल्याची खात्री करा, पत्ता ३७८ असू द्या आणि तीनही पद्धती एकेक करून पाहा. दर वेळी संगणक पूर्ण बंद करूनच लॉकला हात लावा. चालू संगणकातून पॅरलल पोर्टाचे लॉक ओढून काढल्याने लॉक आणि पोर्ट दोन्ही गेलेली मी पाहिली आहेत, आणि असे लॉक आज नव्याने मिळवणे फार अवघड आहे. छापखान्याच्या दृष्टीने या पेटीतला तो सर्वांत महागडा भाग समजा.

आता दुसरी शक्यता. थांबवलेल्या पडद्यावर ७बी नसून दुसरेच काही असेल, तर रस्ता बदलतो. दर खेपेला वेगळाच संकेतांक येत असेल, किंवा ५० अथवा ०ए येत असेल, तर आधी रॅमचा, म्हणजे चालू कामाच्या स्मृतीच्या पट्टीचा, संशय घ्या. पट्टी काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून स्वच्छ खोडरबर फिरवून ती परत घट्ट बसवा, कारण पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या दमट हवेत तिथे मळ धरतो. प्रोसेसरभोवतालच्या उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी पाझरलेली दिसली, तर मदरबोर्डच बदलावा लागेल किंवा जाणकाराकडून कपॅसिटर बदलून घ्यावे लागतील. ईडी, २४ किंवा ७ए हे संकेतांक मात्र डिस्ककडे, तिच्या केबलकडे किंवा तिच्यावरच्या फाइलींच्या मांडणीकडे बोट दाखवतात, आणि तिथे घाई सर्वांत घातक ठरते.

इथे माझे मत बऱ्याच दुरुस्ती करणाऱ्यांपेक्षा वेगळे आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. डिस्क संशयास्पद दिसली की पहिली आज्ञा म्हणून चेकडिस्क चालवण्याची पद्धत सर्रास रूढ आहे. ती चुकीची आहे. चेकडिस्क ही फाइलींची मांडणी सुसंगत करणारी आज्ञा आहे, आपला मजकूर वाचवणे हे तिचे काम नाही. मांडणीत न बसणाऱ्या नोंदी ती कापून टाकते आणि तुकडे वेगळ्या नावांनी ठेवून देते. शिवाय सगळी डिस्क वाचायला लावणारा ‘आर’ पर्याय दिला, तर जिचे डोके आधीच अडखळते आहे अशा डिस्कला ती तासन्‌तास एकाच जखमेवरून फिरवते. निरोगी डिस्कवर वीज गेल्यामुळे झालेली गडबड असेल तर चेकडिस्क उत्तम काम करते. पण डिस्क निरोगी आहे की नाही हे आधी पाहावे लागते आणि तिची प्रत आधी घ्यावी लागते.

प्रत घेण्याची रीत अशी. डिस्क काढून युएसबी अॅडॉप्टरने दुसऱ्या चांगल्या संगणकाला जोडा आणि तो संगणक पेन ड्राइव्हवरून लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीवर सुरू करा. विंडोजला जोडल्यास ती न विचारता डिस्कवर काहीबाही लिहिते, म्हणून हा खटाटोप. मग स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या नोंदी, पाहा. रिअॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींपुढे शून्य असेल तर थोडा श्वास घ्यायला हरकत नाही. पेंडिंगपुढचा आकडा वाढत असेल तर डिस्क चालली आहे असे समजा. त्यानंतर जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवा. हे साधन आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलते, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जाते आणि कुठे काय राहिले त्याची नोंद मॅप फाइलीत ठेवते. त्यामुळे काम मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता येते. ८० जीबीच्या निरोगी डिस्कला जुन्या युएसबी २ वर साधारण पाऊण ते एक तास लागतो, आजारी डिस्कला दोन दिवसही लागतात. आज्ञा देताना कोणती डिस्क मूळ आणि कोणती प्रतीसाठी हे अनुक्रमांक पाहून दोनदा तपासा. ही अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग कोणीही काही करू शकत नाही. इथून पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करा आणि मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवा.

मात्र डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर बॅटरी, बायोस वगैरे काहीही न पाहता तिची वीज आधी तोडा आणि प्रत घेण्यापासून सुरुवात करा, किंवा डिस्क उघडून काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या.

कधीकधी डिस्क ठणठणीत असते आणि पडद्यावर ‘सिस्टिम३२’ फोल्डरातल्या ‘कॉन्फिग’मधली ‘सिस्टिम’ ही फाइल हरवली किंवा बिघडली असल्याचा संदेश येतो. ही रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीची, एक फाइल आहे, आणि वीज अचानक गेली की ती अर्धवट लिहिली जाते. एफ८ च्या यादीतला ‘लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन’ हा पर्याय आधी वापरून पाहा. तो चालला नाही तरी रजिस्ट्रीच्या अलीकडच्या प्रती ‘सिस्टिम व्हॉल्युम इन्फर्मेशन’ या लपवलेल्या फोल्डरात, विंडोज अधूनमधून जपून ठेवते त्या प्रत्येक रिस्टोर पॉइंटच्या ‘स्नॅपशॉट’मध्ये असतात, आणि लिनक्सवरून त्या उचलून जागेवर ठेवता येतात. ‘रिपेअर’ नावाच्या फोल्डरातही प्रती असतात, पण त्या विंडोज घातली त्या दिवसाच्या असतात. त्या वापरल्या तर नंतर घातलेले पेजमेकर, टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आणि लॉकचा ड्रायव्हर यांची विंडोजला ओळखच उरत नाही.

एवढ्यानेही भागले नाही, तर मूळ प्रोग्रॅम आणि फाइली जागेवर ठेवून विंडोज तेवढी नव्याने बसवता येते. यात एक ठिकाणी बहुतेक जण चुकतात, म्हणून ते जवळून सांगतो. एक्सपीच्या सीडीवरून सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावर ‘आर’ दाबा असे दिसते. तिथे ‘आर’ दाबू नका, कारण तो मार्ग रिकव्हरी कन्सोल नावाच्या काळ्या पडद्याकडे जातो. तिथे एंटर दाबा, मग एफ८ दाबून करार मान्य करा. सीडीला डिस्कवरची विंडोज ओळखता आली तर आता दुसऱ्यांदा ‘आर’ विचारला जाईल. तो दुरुस्तीचा ‘आर’. हा दुसरा ‘आर’ आलाच नाही आणि थेट पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची, यादी समोर आली, तर एफ३ दाबून बाहेर पडा. त्या यादीपुढचे प्रत्येक पाऊल फॉरमॅटकडे जाते. हे सगळे आपल्या डिस्कवर न करता तिच्या प्रतीवर करायचे आहे, हे पुन्हा सांगतो.

फॉरमॅटबद्दल मी इतका आग्रही का, त्यामागे एक अनुभव आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतला संगणक असाच सुट्ट्यांनंतर अडला. बोलावलेल्या माणसाने त्याच दिवशी फॉरमॅट करून विंडोज पुन्हा घालायला घेतली. ती घालतानाही तोच ७बी आला, तेव्हा कुठे त्याने बायोस पाहिला, पर्याय बदलला आणि काम पूर्ण केले. म्हणजे दोष एका ओळीत होता आणि गेले ते अकरा वर्षांचे हिशेब. मी तिथे तिसऱ्या दिवशी पोहोचलो. एक्सपीतले फॉरमॅट, अगदी पूर्ण फॉरमॅटसुद्धा, सगळ्या डिस्कवर शून्ये लिहीत नाही. फाइलींची सूची नव्याने मांडते आणि खराब सेक्टर तपासते. त्यामुळे मजकूर बराच शिल्लक होता. पण नंतर घातलेल्या विंडोजने त्यातल्या बऱ्याच जागेवर स्वतःच्या फाइली लिहिल्या होत्या, आणि जे हाती लागले त्याची नावे आणि फोल्डर गेले होते. क्रमांकांनी ओळखाव्या लागणाऱ्या हजारो फाइलींमधून खाती जुळवत त्या संस्थेच्या दोन कारकून बाई चार महिने बसल्या. त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. संगणक सुरू झाला की त्या दिवशीचे पहिले काम पत्रिका जुळवणे नसून प्रत काढणे हे आहे. फक्त पेजमेकरच्या फाइली उचलल्या तर नव्या संगणकावर त्या उघडल्या तरी उपयोग होणार नाही. पेजमेकर ६.५ च्या फाइलीचे शेपूट पी६५ असते आणि ७ चे पीएमडी. त्यांच्यात चित्रे बहुधा आत साठवलेली नसतात, दुसऱ्या फोल्डरातल्या चित्रांशी फक्त दुवा असतो. म्हणून फोल्डरांची रचना न मोडता अख्खे फोल्डर उचला. त्यासोबत विंडोजमधला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर संपूर्ण घ्या. ते फॉन्ट नसतील तर आपला दिवाळी अंक नव्या संगणकावर स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांच्या रांगांसारखा दिसेल.

असे का होते ते मराठी जुळणी करणाऱ्याने समजून घेतलेच पाहिजे. त्या काळच्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे संकेतांक नव्हते. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी होती. आकार जसे दिसतात तसे एकापुढे एक ठेवलेले असत. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, म्हणून ती फाइलीतही ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, ती ‘क’नंतर येते. ‘पर्व’मधला रफार ‘व’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाइलीत तो ‘व’नंतर असतो, युनिकोडमध्ये अर्धा ‘र’ आधी आणि ‘व’ नंतर असा उच्चाराचा क्रम असतो. रूपांतर करणारे साधन आपल्याच फॉन्टच्या मांडणीसाठी बनवलेले असले, तरी या दोन जागा आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतला अर्धचंद्र ‘र’ डोळ्यांत तेल घालून तपासा. मी रूपांतर तपासताना आधी हेच शब्द शोधतो, कारण ते नीट आले तर बाकीचे बहुधा नीट आलेले असते.

त्यामुळे माझा सल्ला असा की सगळ्या जुन्या कामाचे रूपांतर करण्याच्या मागे लागू नका. जुन्या संगणकावरच प्रत्येक महत्त्वाच्या कामाची फॉन्टसह पीडीएफ काढा. ती कुठेही उघडेल आणि तिच्यावरून पुन्हा छपाई करता येईल. ज्या पत्रिकांचे साचे दरवर्षी नावे बदलून वापरता, तेवढेच युनिकोडमध्ये नव्याने जुळवा. पेजमेकरच्या फाइली त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये उघडता येत, पण ती सोय सीएस६ या आवृत्तीपर्यंतच होती, हे नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी लक्षात घ्या.

अख्खा एक्सपी संगणक डिस्कच्या प्रतिमेवरून नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून चालवता येतो, आणि ज्यांच्याकडे लॉक नाही त्यांना मी तोच मार्ग सुचवतो. आभासी यंत्रातही डिस्कची जोडणी आयडीई ठेवावी लागते, नाहीतर तोच ७बी तिथेही भेटतो. आपल्याकडे पॅरलल पोर्टाचे लॉक असल्यामुळे हा मार्ग बहुधा बंद आहे. बाजारात मिळणारी युएसबी ते पॅरलल केबल प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यातून सहसा ओळखले जात नाही. म्हणून हा संगणक आणखी काही वर्षे जगवावा लागेल. त्याच मॉडेलचा एखादा मदरबोर्ड आणि एक चांगले एसएमपीएस जुन्या बाजारातून आत्ताच घेऊन ठेवा.

तो जगवायचा असेल तर त्याला इंटरनेटपासून आणि इतर संगणकांपासून तोडा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सुरक्षा-दुरुस्त्यांचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठी दुरुस्ती दिली, पण अशा अपवादावर छापखाना चालवता येत नाही. ग्राहकांचे पेन ड्राइव्ह थेट त्यात लावू नका; आधी दुसऱ्या संगणकावर तपासून, फक्त हवी ती फाइल आपल्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन मग जुन्या संगणकावर न्या. फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. फाइली बहुधा लपवलेल्या असतात आणि ‘अॅट्रिब’ या आज्ञेने परत दिसू लागतात.

हे सगळे करूनही संगणक सुरू झाला नाही, तर पुन्हा लिहा, आणि लिहिताना चार गोष्टी कळवा: थांबवलेल्या निळ्या पडद्याचा फोटो, बायोसमधल्या डिस्कच्या पानाचा फोटो, त्या पानावर आपली डिस्क नावानिशी दिसते की नाही, आणि आतापर्यंत कोणी काय काय करून पाहिले त्याचा क्रम. शेवटची गोष्ट अवघडल्यासारखे न वाटता पूर्ण सांगा. दुरुस्ती करणाऱ्याने सीडी घालून काही पावले पुढे जाऊन पाहिले असेल, तर ती कोणत्या पडद्यापर्यंत गेली यावर पुढचा सल्ला अवलंबून राहील. तोपर्यंत संगणक बंदच ठेवा. नवी बॅटरी बसवलीत तर ज्या तारखेला बसवली ती तारीख, ‘सॅटा मोड: आयडीई’ ही ओळ आणि लॉकला चाललेली पॅरलल पोर्टाची पद्धत एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.